डोळ्याचं दुखणं मानेत

गफ्सा, ११ ऑक्टोबर १९९५

लाल्ला मनूबिया,

तुला सलाम, तुझ्या गुडघ्यांना सलाम, गच्चीवरच्या त्या सगळ्या मांजरांनाही सलाम. नझीहाही सलाम सांगतेय. हात मागावर गुंतलेत म्हणून लिहीत नाही म्हणते. खरं म्हणजे जन्मभर शाळेत मास्तरीण असलेल्या नणंदेसमोर आपलं अक्षर काढायची तिला धास्ती वाटते.

काम छोटंसं आहे. ट्यूनिसमधून डोळ्यांत घालायचे चांगले थेंब पाठव. इथले निव्वळ पाणी. उन्हाळाभर सफाक्सच्या रस्त्यावरची धूळ खाल्ली, ती आता डोळ्यात साचलीय. मधूनच उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरतो. दुकानाचं शटर ओढावं तसा, राखाडी, हळूहळू. दुखत नाही, खुपत नाही. एखादी सिगारेट संपायच्या आत आपोआप वर जातो. परवा मेक्नासीच्या पुढे झालं तसं. गाडीत आठ सवाऱ्या होत्या. मी गाडी हाकतच राहिलो. देवाने दुसरा डोळा दिलाय कशाला? कुणाला कळलंसुद्धा नाही.

एवढंच. थेंब पाठव, उपदेश नको.

तुझा धाकटा भाऊ,
शादली

---

ट्यूनिस, १९ ऑक्टोबर १९९५

शादली,

उपदेश नको म्हणालास ना? मग तोच वाच.

मी फोनच करणार होते. पण फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस, 'लाइन खराब आहे, लाल्ला' म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

थेंब पाठवत नाहीये. मी चष्म्यासाठी ज्यांच्याकडे जाते त्या डॉक्टर राझियांना तुझं पत्र वाचून दाखवलं. माझं वाचून होईपर्यंत त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"वय काय भावाचं?"

"छप्पन्न."

"सिगारेट?"

"त्याच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडतो."

"साखर? रक्तदाब?"

"डॉक्टरकडे गेला तर कळणार ना! मागच्या वेळी गेला होता तो सुंतेच्या दिवशी."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे दुखणं डोळ्यात दिसतंय, पण ते आहे मानेत." मग कागदावर चित्र काढून समजावलं. ऐक. मानेतून दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी वर जाते. सिगारेटने, चरबीने, साखरेने तिच्या आतल्या बाजूला थर साचतो, आपल्या जुन्या नळात चुना साचायचा तसा. त्या थराचा एखादा कण सुटतो आणि रक्ताबरोबर वर जातो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त देणारी वाहिनी केसासारखी बारीक. कण तिथे अडकला की अंधार. कण फुटून पुढे गेला की उजेड. तुझ्या शटरची गोष्ट ती एवढी.

मी म्हटलं, "मग वर जातो ना आपोआप?"

त्या म्हणाल्या, "आज कण डोळ्याकडे वळला. तीच वाहिनी मेंदूकडेही जाते. उद्याचा कण कुठे वळेल ते मी सांगू शकत नाही, आणि तुमचा भाऊही नाही."

कळलं? गाडी आजपासून बंद. पहिल्या बसने इकडे ये. आणि दुसरा डोळा देवाने दिला तो मागे आठ माणसं बसवून पहिला झाकून बघायला दिलेला नाही.

डॉक्टरांनी गंमत म्हणून माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला, डोळ्यांतही उजेड पाडून पाहिलं. ते राहू दे. तू ये.

मनूबिया

---

गफ्सा, २ नोव्हेंबर १९९५

लाल्ला,

मी डोळा विचारला, तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मान सांगितली. गुडघा विचारला असता तर कान सांगितला असता! मोठ्या शहरातले डॉक्टर असेच. आत जायचं एका दुखण्यासाठी, बाहेर यायचं चार घेऊन.

इथल्या बाजारातल्या चष्मेवाल्याला डोळा दाखवला. तो म्हणाला, नंबर वाढलाय. नवा चष्मा केला. नझीहा म्हणते, त्यात मी शाळातपासनीस दिसतो. तुला आवडेल.

आणि तुझ्या जिवाला शांती मिळावी म्हणून सांगतो, गाडी चुलतभाऊ लझरकडे दिलीय. मी घरी नव्या नवरीसारखा बसून असतो, खजूर खातो आणि नझीहाच्या पायात येतो. झालं समाधान? ऑलिव्हचा हंगाम संपला की येईन. त्याआधी नको म्हणू.

शादली

---

ट्यूनिस, ४ डिसेंबर १९९५

शादली,

महिना उलटला, तुझी ओळ नाही. रुसलास. लहानपणी जेवणावरून रुसून अंजिराच्या झाडावर चढून बसायचास आणि मी खाली ताट घेऊन उभी राहायचे. आता माझे पाय मला उभं राहू देत नाहीत, तेव्हा खाली उतर.

डॉक्टरांकडे तुझ्या नावाने वेळ घेतली. "शादली बिन अम्मार" म्हणून पुकारा झाला आणि मी एकटी उठून उभी राहिले. शरमेने सांगितलं, बस चुकली. पुन्हा वेळ घेतली. पुन्हा पुकारा झाला. या वेळी मी उभीही राहिले नाही, पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. शेजारची बाई म्हणाली, "हा शादली कोण, सारखा येत नाही तो?" काय सांगू तिला?

गाडी दिलीस ते मात्र चांगलं केलंस. तेवढ्यासाठी तुझं बाकीचं सगळं सोसतेय. पण रुसवा पुरे. गादी घालून ठेवलीय, तिच्यावर मांजरं झोपतात.

मनूबिया

---

गफ्सा, १० डिसेंबर १९९५

आदरणीय लाल्ला मनूबिया,

अक्षराला हसू नका. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी करून खिशात घातलं, म्हणून मी लिहितेय.

ते रुसलेले नाहीत. लझर तर उन्हाळ्यापासून लिबियात कामाला आहे. गाडी त्याला कधी दिलीच नाही. रोज पहाटे तेच घेऊन जातात.

आणि डोळा गेलाय, लाल्ला. सगळा नाही, उजव्याचा खालचा अर्धा. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी उठले, तोंड धुतलं आणि आरशासमोर उभेच राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, दाढी वाढलीय. त्या दिवसापासून बघतेय. उजवीकडच्या पेल्यात चहा ओततात तो तबकात जातो. मग म्हणतात, पेला कुणी हलवला? माझ्या मागाच्या पट्टीला अडखळले, म्हणाले, ही पट्टी इथे नव्हती. ती पट्टी लग्नापासून तिथेच आहे.

शेवटी एके दिवशी मी खेळीमेळीने त्यांचा डावा डोळा हाताने झाकला. विचारलं, "सांगा, माझ्या हातात काय आहे?" म्हणाले, "तुझं डोकं दिसतंय, कपाळ दिसतंय. हात कुठेत तुझे?" आणि हसले. मग हसायचे थांबले. नंतर म्हणाले, पडदा आला तो या वेळी गेलाच नाही.

मला शपथ घातलीय की कुणाशी बोलायचं नाही. लिहायचं नाही असं काही ते म्हणाले नाहीत.

मी गाडीच्या चाव्या एकदा रव्याच्या डब्यात लपवल्या. त्यांनी डबाच पालथा केला आणि गाडी घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे कान लावून बसते. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकायचं त्यांनी कधीच सोडलंय.

तुमची,
नझीहा

---

ट्यूनिस, १४ डिसेंबर १९९५

गाढवा,

खोटारड्या गाढवा. मला सगळं कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस आणि तिच्यावर डोळे वटारू नकोस, जेवढे उरलेत तेवढे सांभाळ.

डॉक्टर राझियांना विचारलं. म्हणाल्या, ज्या सकाळी तो आरशासमोर उभा राहिला त्याच सकाळी, पहिल्या काही तासांत दवाखान्यात असता, तर काहीतरी करून बघता आलं असतं, तरीही खात्री नव्हतीच. रक्ताशिवाय डोळ्याच्या आतला पडदा फार वेळ जगत नाही. आता तो भाग मेला, शादली. मी ऑक्टोबरात लिहिलं होतं. मी लिहिलं, तू चष्मा केलास!

डोळ्यासाठी आता मी रडत नाही. उजवीकडची वाहिनी आहे, आणि मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते; पुढचा कण मेंदूत गेला तर डावा हात जाईल, डावा पाय जाईल. आठ माणसांना घेऊन भरधाव चाललेला असताना जाईल. त्या आठांतल्या कुणाचं नाव तरी ठाऊक असतं का तुला?

रविवारच्या बसने मी येतेय. दार उघडलं नाहीस तर उंबऱ्यावर बसेन आणि तुझी सगळी पत्रं गल्लीला मोठ्याने वाचून दाखवेन. आवाज अजून वर्गभर पोचतो माझा.

मनूबिया

---

गफ्सा, १६ डिसेंबर १९९५

लाल्ला,

बसचं तिकीट काढलं असशील तर परत कर. मीच येतोय. हे पत्र पोस्टात न टाकता आज निघणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे तुझं निघणं टळेल.

तुझं पत्र आज आलं. जे व्हायचं ते काल झालं.

मेक्नासीच्या अलीकडे, ऑलिव्हच्या बागांमधून येत होतो. मागे हजला जाऊन आलेली एक म्हातारी हज्जा मांडीवर तेलाचा डबा घेऊन बसली होती, बाकी सगळे ऑलिव्ह तोडायला निघालेले मजूर. रस्ता मोकळा दिसत होता. 'दिसत होता' असंच लिहायला हवं. आधी आवाज आला, पत्र्यावर पत्रा घासल्याचा. मग मागून किंकाळी. गाडी थांबवली. उजव्या बाजूच्या चरात एक माणूस पडला होता. त्याची मोपेड आडवी, चाक फिरतंय, रस्ताभर पाव विखुरलेले. मला वाटलं, मेला. मी गाडीतच बसून राहिलो, लाल्ला.

मग तो खांदा धरून उठून बसला आणि ओरडला, "आंधळा आहेस का रे? लाल स्वेटर घातलाय मी! आईने मुद्दाम लाल विणलाय, तुमच्यासारख्यांना दिसावा म्हणून!"

रस्त्यावर मला कुणी शिवी दिली आणि मी दोन परत केल्या नाहीत असं आजवर झालं नाही. त्याला म्हणालो, "हो."

"हो काय?"

"आंधळा आहे. या बाजूने."

हज्जा खाली उतरली, माझ्या खिडकीशी आली आणि हात पुढे केला. "चाव्या दे."

"हज्जा, मग तुम्हाला पोचवणार कोण?"

"येईल ती गाडी नेईल. नाही आली तर इथेच बसू, तेल आहे, हा पाव आहे. पण तू चालवायची नाहीस."

तिने चाव्या आपल्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीच्या टोकाला बांधल्या आणि गाठ दातांनी आवळली. नझीहाशी भांडलो होतो, तुझ्याशी खोटं बोललो होतो. त्या बाईला मात्र चाव्या देऊन मोकळा झालो.

त्या माणसाचं खांद्याचं हाड मोडलंय. वाचला. दुसऱ्या गाडीने त्याला दवाखान्यात नेलं, मग त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या, नंतर कॉफी दिली. शिव्या घशाखाली उतरल्या, कॉफी उतरेना.

नझीहा पिशवी भरतेय. मांजरांना गादीवरून उठव.

शादली

---

ट्यूनिस, ६ जानेवारी १९९६

प्रिय नझीहा,

तुझ्या अक्षरात काही वाईट नाही. पुन्हा कधी अशी धास्ती धरलीस तर मात्र रागावेन.

ऑपरेशन झालं. तो बरा आहे. हे आधी सांगितलं, आता बाकीचं सावकाश वाच.

डॉक्टर राझियांनी डोळ्यात पाहिलं तेव्हा वाहिनीला जिथे फाटा फुटतो तिथे एक पिवळा चमकणारा कण अडकलेला होता. तो म्हणाला, "सोनं असेल तर काढून द्या, नझीहाला अंगठी करतो." त्यांनी त्याला सरळ मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे मानेवर यंत्र फिरवलं. आत रक्ताचा आवाज ऐकू येतो, ठाऊक आहे? डावीकडे फस् फस् असा भरदार, उजवीकडे बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी शिट्टी. वाहिनी जवळजवळ बुजलेली. हृदय तपासलं, रक्त तपासलं. साखर आहे, दाब आहे. सगळं आहे तुझ्या नवऱ्याकडे, फक्त अक्कल सापडली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जिन्याखाली सिगारेट ओढताना पकडला. मी ओरडले तर म्हणतो, "शेवटची आहे, लाल्ला." मी ती विझवली आणि पाकीट नर्सच्या हाती दिलं. नर्सही त्याच्यावर ओरडली. मला बरं वाटलं. इतके दिवस मी एकटीच ओरडत होते.

कानाखालून मान उघडून वाहिनी आतून साफ केली. शुद्धीवर आल्या आल्या सर्जन म्हणाले, "डावा हात वर करा." मी खाटेची कड घट्ट धरली होती. त्याने हात वर केला. नुसता वर केला नाही, सर्जनच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "पट्टी काढली की डोळा दिसेल ना?"

पट्टी मानेवर आहे गं त्याच्या. डोळ्यावर काहीच नाही. हे सगळं डोळ्यासाठी चाललंय असंच तो धरून बसला होता. आधी हजारदा सांगितलं होतं, त्याने प्रत्येक वेळी मान डोलावली होती. मी आयुष्यभर पोरांना नापास झाल्याचं सांगितलंय, कधी शब्दांवाचून अडले नाही. त्याला मात्र नुसतं 'नाही' म्हणायला मला किती वेळ लागला!

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. संध्याकाळी म्हणाला, "सूप आणलंयस का?" आणलं होतं. प्यायला.

तू काळजी करू नकोस.

मनूबिया

---

गफ्सा, १० फेब्रुवारी १९९६

लाल्ला,

रमजान मुबारक. घरी येऊन पाहतो तर नझीहाने हरिसा चटणीचा डबा, बकलावा मिठाईचा डबा आणि माझी राखदाणी शेजाऱ्यांना देऊन टाकलीय. संध्याकाळच्या सूपाला धुणं पिळल्याच्या पाण्याची चव आहे. गाडी चालवायचा परवाना मी स्वतः जाऊन परत केला. खिडकीमागचा माणूस म्हणाला, असं कुणी आजवर केलं नाही. डोळा तसाच आहे. जेवताना डावा डोळा मिटला की ताट नाहीसं होतं आणि उघडला की त्यात भाकरी असते.

आता तुझ्याकडे वळतो.

निघायच्या आदल्या दिवशी तू पाण्याची बाटली आणायला गेलीस तेव्हा डॉक्टर राझियांनी मला विचारलं, "तुमच्या बहीणबाई गोळ्या घेतात ना?" मी म्हटलं, कसल्या गोळ्या? त्यांना वाटलं होतं, मला ठाऊक असेल. तुझ्या दोन्ही डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या दाबाने तारेसारख्या बारीक झाल्यात. ऑक्टोबरात गोळ्या लिहून दिल्या होत्या. ऑक्टोबरात, लाल्ला! ज्या दिवशी माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस त्याच दिवशी!

दवाखान्यातून तुझ्या घरी आल्यावर तुझं कपाट उघडलं. गोळ्यांचं पाकीट तसंच्या तसं होतं, वरचा कागदही फाडलेला नाही. तिथेच बोलणार होतो, पण गळ्याला टाके होते आणि ओरडायला मनाई होती. आता टाके निघालेत.

मला गाढव म्हणालीस. बरोबर होतं. मग तुला काय म्हणू? मी निदान तुझ्याकडे थेंब तरी मागितले होते. तू कुणाकडे काय मागितलंस? माझ्या नावाने दोनदा डॉक्टरांची वेळ घेतलीस, दवाखान्यात खाटेशी बसून राहिलीस, जिने चढलीस-उतरलीस, आणि स्वतःचं डोकं केव्हाही फुटेल अशा दाबावर ठेवून! तू पडली असतीस तर मला कोण ओरडलं असतं?

रोजा आहे हे कारण सांगू नकोस. गोळी दिवसातून एकदा आहे, पहाटेच्या सहरीबरोबर घेता येते. मी विचारून घेतलंय. मीही तेव्हाच घेतो.

उत्तर दे. आणि खरं दे.

शादली

---

ट्यूनिस, ३ मार्च १९९६

शादली,

दुसऱ्याच्या कपाटात हात घालणं तुला आईने शिकवलं नव्हतं.

पाकीट फोडलं. रोज घेते. घोटे सुजतात, म्हणून डॉक्टरांनी दुसरी दिली, तीही घेते. दाब उतरलाय, अजून हवा तेवढा नाही.

का घेतली नाही म्हणून विचारशील. त्या दिवशी त्यांनी तुझं ऐकून लगेच माझं सांगितलं आणि मला वाटलं, आधी एकाचं निस्तरू दे. मग त्याची सवयच झाली. तुझ्यावर ओरडत होते तोवर स्वतःबद्दल विचार करावा लागत नव्हता. भीती वाटत होती, झालं? लिहिलं. आता यावर उत्तर पाठवू नकोस आणि नझीहाला वाचून दाखवू नकोस.

ईदचे खजूर पोचले. किडके होते. तू निवडलेस ना?

मनूबिया

---

गफ्सा, २१ मे १९९६, हस्ते

लाल्ला,

हे पत्र घेऊन तुझ्या दारात जो जाडा माणूस उभा आहे त्याचं नाव मुंजी. माझ्या स्टँडवरचा ड्रायव्हर.

मी आता रोज स्टँडवर असतो. सवाऱ्यांना हाका मारतो, "सफाक्स, सफाक्स, एकच जागा!" आणि गाड्या भरल्या की निघायला लावतो. घसा ठीक आहे. पोरं मला आदराने 'सी शादली' म्हणतात आणि पाठीमागे वैतागतात, कारण मी ज्याला त्याला धरून विचारतो, डोळ्यांचं कसं काय? परवा हा मुंजी चहा पिताना हसत म्हणाला की कधीकधी डाव्या डोळ्यासमोर धुकं येतं आणि जातं. मी पेला खाली ठेवला आणि त्याच्या गाडीतून चाव्या काढून घेतल्या. त्याने माझी कॉलर धरली, लोक जमले, बराच तमाशा झाला. त्याच्या सवाऱ्या मी दुसऱ्या गाडीत बसवल्या. त्याने मला जे जे म्हटलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. मग त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. तिने त्याला बसमध्ये बसवलं आणि बस हलेपर्यंत ती दारात उभी होती.

तो तुला सांगेल की आधी तिथल्या आपल्या बहिणीकडे जाऊन येतो, जेवून येतो, उद्या बघू. ऐकू नकोस. आता सकाळ आहे, दवाखाना उघडा असेल. त्याला घरात घेऊ नकोस, चहा देऊ नकोस. चप्पल घाल आणि त्याच्याबरोबर निघ.

शादली